मेजावरील रणांगण : एका नव्या खेळाची अपेक्षा

युद्ध प्रत्यक्ष लढण्याची हौस थोड्यांसच असते. युद्ध मांडून पाहण्याची हौस मात्र पुष्कळांस असते. दिवाळीच्या दिवसांत पुणे, सातारा, कोल्हापूर ह्या बाजूस घरोघरच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगडविटा रचून वर चिखल लिंपला जातो, उतारावर हळीव पेरून हिरवळ उगवली जाते, आणि कुंभाराकडून आणलेली चित्रे बुरुजाबुरुजांवर पहाऱ्यास उभी राहतात. मावळे असतात, तोफा असतात, सिंहासनावर महाराज असतात. एवढी सिद्धता झाल्यावर पुढे काय होते? काहीच होत नाही. मावळा ज्या जागी उभा केला त्याच जागी भाऊबीजेपर्यंत उभा राहतो. किल्ला आहे, सैन्य आहे, सेनापती आहे. नाहीत ते केवळ नियम. नियमांवाचून मांडलेले युद्ध हा देखावा होतो, खेळ होत नाही.

ह्याच्या अगदी उलट स्थिती बुद्धिबळाची. तेथे नियम आहेत आणि ते शतकानुशतके घासून पुसून लख्ख झालेले आहेत. परंतु तेथे भूमी नाही. चौसष्ट घरांत एकही नदी नाही, डोंगर नाही, चिखल नाही. हत्तीस चारा लागत नाही, प्याद्यास भूक लागत नाही, आणि वजीर पटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका क्षणात जातो. राजाने मनात आणलेली खेळी जशीच्या तशी अमलात येते; हुकूम वाटेत हरवत नाही. दिवाळीच्या किल्ल्यात भूमी आहे पण नियम नाहीत. बुद्धिबळात नियम आहेत पण भूमी नाही. ह्या दोहोंच्या मधली जागा आपल्याकडे रिकामी आहे. ती भरून काढणारा, घरातील मेजावर मावणारा, परंतु पन्नास-पाऊणशे किलोमीटरांच्या मुलखावर पसरलेल्या मोठ्या युद्धाचा खेळ मराठीत असावा, आणि ते युद्ध भविष्यकाळातील असावे, अशी अपेक्षा कोणी केली तर ती अवास्तव आहे काय, हे पाहण्यासारखे आहे.

भविष्यकाळच का? इतिहासात लढाया थोड्या का झाल्या आहेत? झाल्या आहेत, आणि त्यांतूनच शिकावयाचे आहे. परंतु इतिहासातील लढाई मेजावर मांडली की तिच्याबरोबर तिचे मानापमानही मेजावर येऊन बसतात. कोणी कोणाच्या बाजूने खेळावयाचे ह्यावरच प्रथम भांडण होते. शिवाय त्या लढाईचा शेवट सर्वांस ठाऊक असतो. काल्पनिक भविष्यातील दोन सैन्यांविषयी कोणाच्या मनात जुने वैर नसते. तेथे दोन्ही पक्षांस सारखीच सहानुभूती मिळते, आणि बुद्धीस अडसर राहत नाही. विज्ञानकथेचा हा उपयोग लक्षात घेण्याजोगा आहे. ती मनुष्यास वर्तमानापासून थोडी दूर नेते ती वर्तमान अधिक स्पष्ट दिसावे म्हणूनच.

अशा खेळाची परंपरा आपणांस परकी आहे असेही नाही. बुद्धिबळाचे मूळ नावच चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे पटावर आली म्हणून ते चतुरंग. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला गेला. त्याच्या अखेरच्या विंशतीत निरनिराळ्या क्रीडांचे वर्णन असून त्यात बुद्धिबळाचेही विवेचन आले आहे. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. लातूर जिल्ह्यातील उदगीरपासून ती फार दूर नाही. मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच एका राजाच्या दरबारात राज्यकारभार, वैद्यक, पाकशास्त्र ह्यांच्या बरोबरीने खेळांसही ग्रंथात मानाचे पान मिळाले होते, ही गोष्ट साधी नव्हे.

पुढे हेच बुद्धिबळ युरोपात गेले, आणि तेथे त्यास भूमीची ओढ लागली. जर्मनीतील ब्रुन्सविक येथील हेल्विग नावाच्या गृहस्थाने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढवून १,६१७ घरांचा केला, आणि निरनिराळ्या रंगांनी डोंगर, दलदल, पाणी दाखविले. त्यानंतर प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी घरांचा पटच टाकून दिला. मुलाने १८२४ साली सिद्ध केलेला खेळ खऱ्या नकाशावर खेळला जाई. नकाशाचे प्रमाण आठ हजारांस एक असे, एक पाळी म्हणजे रणांगणावरील दोन मिनिटे, आणि मध्ये एक पंच. दोन्ही पक्षांचे सेनापती आपापले हुकूम कागदावर लिहून पंचाच्या हाती देत. शत्रूचे जेवढे सैन्य दृष्टीस पडणे शक्य असेल तेवढेच पंच नकाशावर मांडी. बाकीचे त्याच्या मनात राही. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी हा खेळ शिक्षणाचे साधन म्हणून स्वीकारला, आणि पुढे अन्य देशांच्या सैन्यांनीही त्याचे अनुकरण केले.

सैनिकांच्या छावण्यांतून हा खेळ घराच्या दिवाणखान्यात आणण्याचे श्रेय बहुतांशी एका कादंबरीकाराकडे जाते. एच. जी. वेल्स ह्यांनी १८९८ साली ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही मंगळावरून आलेल्या तीन पायांच्या प्रचंड यंत्रांची कथा प्रसिद्ध केली. आणि १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम सांगणारे लहानसे पुस्तक लिहिले. मौज अशी की, ह्या दोन गोष्टी एकाच लेखकाच्या असूनही त्याने त्या एकत्र आणल्या नाहीत. त्याची मंगळावरील यंत्रे पुस्तकात राहिली, आणि त्याच्या घरातील जमिनीवर मात्र शिशाचे सैनिक व कमानीने गोळा फेकणाऱ्या छोट्या तोफा लढत राहिल्या.

ती जोड व्हावयास अनेक दशके लागली. इंग्लंडातील गेम्स वर्कशॉप ह्या कंपनीने १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा दूरच्या भविष्यातील युद्धाचा खेळ काढला. त्यातील सैनिक साधारणतः बोटाच्या दोन पेरांएवढे. लवकरच खेळणाऱ्यांस वाटू लागले की, पाच-पन्नास सैनिकांची चकमक पुरेशी नाही, संपूर्ण सैन्ये एकमेकांस भिडलेली पाहावयास हवीत. त्यासाठी १९८८ साली ‘अडेप्टस टायटॅनिकस’ व १९८९ साली ‘स्पेस मरीन’ हे खेळ आले. त्यांतील सैनिक जेमतेम सहा मिलिमीटर उंचीचे होते. २००३ साली ‘एपिक आर्मगेडन’ ह्या नावाने त्या परंपरेचे नवे नियम निघाले. मधल्या काळात ती परंपरा बाजारातून नाहीशी झाली, आणि २०२३ साली ‘लीजन्स इम्पेरिअलिस’ ह्या नावाने पुन्हा आली. खेळ जाई, परंतु त्याची इच्छा जात नसे, एवढे ह्या इतिहासावरून दिसते. तरीही हे सर्व खेळ एका विशिष्ट कल्पित विश्वाशी बांधलेले आहेत. त्यांची भाषा परकी, त्यांतील भूमी परकी, आणि त्यांच्या चित्रांचा खर्चही मध्यम स्थितीच्या मराठी घरास सहज पेलेल असा नाही. म्हणून नव्या खेळाची अपेक्षा करावयाची ती आपल्या भूमीवरील, आपल्या साधनांनी मांडता येईल अशा खेळाची.

येथे पहिली अडचण येते ती प्रमाणाची. तिचा हिशेब एकदा मांडून पाहिला म्हणजे मोठ्या युद्धाचा खेळ म्हणजे काय, हे नीट कळते. घरातील मोठे मेज साधारणतः १८० सेंटिमीटर लांब व १२० सेंटिमीटर रुंद असते असे धरू. त्यावर अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचा सैनिक ठेवला, तर तो खऱ्या मनुष्याच्या साठाव्या हिश्शाएवढा होतो. त्याच प्रमाणाने मेजाची लांबी १०८ मीटर भरते. म्हणजे क्रिकेटचे एक मैदानसुद्धा त्यावर पुरते मावणार नाही. सैनिक सहा मिलिमीटरांचा केला, तर प्रमाण तीनशेस एक होते आणि मेजावर ५४० मीटर लांबीची भूमी मावते. गावाबाहेरच्या एका शेतातून दुसऱ्या शेतात जावे, एवढेच ते अंतर. आता उलट बाजूने पाहावे. मेजावर ६० किलोमीटर रुंद व ९० किलोमीटर लांब असा मुलूख मांडावयाचा असेल, तर प्रमाण पन्नास हजारांस एक घ्यावे लागेल. त्या प्रमाणात खरा मनुष्य मिलिमीटराच्या तिसाव्या हिश्शाएवढा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बारीक होईल. तो डोळ्यांस दिसणारही नाही.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मोठ्या युद्धाच्या खेळात भूमीचे प्रमाण एक आणि चित्रांचे प्रमाण दुसरे, अशी फारकत करावीच लागते. एक चित्र म्हणजे एक मनुष्य, ही समजूत सोडून एक चित्र म्हणजे एक पलटण, असे मानावे लागते. लहान मुलास हे पटविणे कठीण वाटेल. परंतु बुद्धिबळ खेळणाऱ्याने ते पूर्वीच मान्य केलेले असते. पटावरचे प्यादे म्हणजे एकटा शिपाई नव्हे, पायदळ हे सैन्याचे एक अंग. तात्पर्य, युद्ध मोठे करावयाचे तर सैनिकांची संख्या वाढवून भागत नाही. त्यांची संख्या कमी करून प्रत्येकाचा अर्थ मोठा करावा लागतो.

एकदा हे मान्य केले की खर्चाची अडचण निम्मी सुटते. चिंचोका म्हणजे एक पलटण, कवडी म्हणजे तोफखाना, एवढ्यावर भागू शकते. आणि जेथे रूप हवेच असेल तेथे कुंभार आहेच. मराठवाड्यात श्रावण अमावास्येस पोळा येतो, तेव्हा बाजारात मातीचे बैल विकावयास येतात. ज्यांच्या घरी जनावरे नाहीत ती मंडळी त्यांची पूजा करतात. हे बैल ह्या नव्या खेळात फार महत्त्वाचे काम करू शकतील. ते कसे, हे समजण्यासाठी मात्र थोडे इतिहासाकडे वळले पाहिजे.

१७६० सालच्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने उदगीर-औशाच्या मुलखात निजामाच्या फौजेस कोंडून तिचा पराभव केला. हा सर्व प्रदेश आजच्या लातूर जिल्ह्यातील. त्या तहात साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांस मिळाला. ज्याच्या तोफांनी पुढे नाव गाजविले तो इब्राहीमखान गारदी ह्या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूस होता. विजयाचा आनंद ओसरला नव्हता तोच उत्तरेकडून दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली, आणि मार्च महिन्यात परतूर येथून ही फौज उत्तरेस निघाली. परतूर हेही मराठवाड्यातलेच. तेथून पानिपत हजार किलोमीटरांहून अधिक दूर. सैन्य तेच, सेनापती तेच, तोफा त्याच. उदगीरास जे जिंकले तेच वर्षभरात पानिपतावर का हरले?

ह्या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत; परंतु त्यांतील एक फार साधे आहे. उदगीरास सैन्य आपल्या घराजवळ होते. पानिपतावर अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीकडची वाट अडविली, आणि आठवड्यांमागून आठवडे छावणीची रसद तुटत गेली. शत्रूच्या रसदेवर घाला घालणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे लढावयास बाहेर पडले ते उपाशीपोटी. बुद्धिबळाच्या पटावर ही गोष्ट कधीच घडू शकत नाही. तेथे प्यादे मरते ते मारल्यामुळे, उपासमारीने कधी मरत नाही.

त्या काळी सैन्यांस धान्य पुरविण्याचे काम बंजाऱ्यांचे तांडे करीत. हजारो बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोणी लादून ते सैन्याबरोबर चालत. नांदेड जिल्ह्यात, विशेषतः किनवट-माहूरच्या बाजूस, बंजारा समाजाच्या वस्त्या आजही तांडे ह्याच नावाने ओळखल्या जातात. म्हणून नव्या खेळात पोळ्याचा मातीचा बैल हे रसदेचे चिन्ह असावे. भविष्यकाळात रसद बैल नेणार नाहीत, यंत्रे नेतील, हे खरे. पण यंत्रासही इंधन लागते, आणि इंधन आणणाऱ्यासही वाट लागते. नियम सोपा असावा : ज्या तुकडीपासून एक वीत अंतराच्या आत आपला बैल नाही, तिचे बळ प्रत्येक पाळीस निम्मे होईल. पन्नास हजारांस एक ह्या प्रमाणात वीत म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. एवढ्या एका नियमाने खेळाचे स्वरूप पालटते. खेळणारा शत्रूच्या मोठ्या यंत्रांकडे न पाहता त्याच्या बैलांकडे पाहू लागतो, आणि ज्या क्षणी तो तसे पाहू लागला त्या क्षणी त्यास मोठे युद्ध समजू लागले असे म्हणावे.

दुसरा नियम हुकुमांचा. पुण्याहून पानिपतास गेलेल्या पत्राचे उत्तर येईपर्यंत परिस्थिती बदललेली असे. तारायंत्र व आकाशवाणी ह्यांनी ही अडचण दूर केली असे आपणांस वाटते. परंतु भविष्यकाळच्या युद्धात ती परत येणार आहे, आणि ती विज्ञानानेच परत आणली आहे. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर, आणि त्याहून जलद असा कोणताही निरोप जाऊ शकत नाही. मंगळ पृथ्वीच्या जवळात जवळ असताना त्याच्याकडे निरोप जावयास सुमारे तीन मिनिटे लागतात. दूरात दूर असताना सुमारे बावीस. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत जवळजवळ पाऊण तास. मेजावरची एक पाळी एका तासाची धरली, तर दूरच्या सेनापतीचा हुकूम एक पाळी उशिरा अमलात येईल. पहिल्या पाळीत लिहून ठेवलेला हुकूम दुसऱ्या पाळीत पाळावा लागेल, मग मध्यंतरी शत्रू कोठेही गेलेला असो. पेशवाईतला जासूद आणि मंगळावरची बिनतारी ही येथे एकाच रांगेत येऊन उभी राहतात.

तिसरा प्रश्न हारजीत ठरविण्याचा. प्रत्येक चित्रासाठी फासे टाकीत बसले तर मोठे युद्ध आठवडाभर संपणार नाही. येथे एका गणिताचा उपयोग होतो. फ्रेडरिक लँचेस्टर ह्या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास असे दाखविले की, दूरवर मारा करणारी शस्त्रे असली म्हणजे सैन्याचे बळ संख्येच्या प्रमाणात न वाढता संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारख्याच प्रतीच्या दहा तोफा सहा तोफांशी अखेरपर्यंत लढल्या तर किती उरतील? चार, असे कोणीही म्हणेल. लँचेस्टरचे उत्तर आठ असे आहे. कारण शंभरातून छत्तीस गेले म्हणजे चौसष्ट उरतात, आणि त्यांचे वर्गमूळ आठ. परंतु त्याच दहा तोफा पाच-पाच अशा विभागल्या आणि सहांनी त्यांस एकामागून एक गाठले, तर शेवटी दहांच्या पक्षाकडे आठऐवजी चारही तोफा उरत नाहीत. सैन्य एकत्र ठेवावे हे सेनापतींस अनुभवाने ठाऊक होते. त्याचे माप मात्र ह्या गणिताने दिले. असे एक लहानसे कोष्टक मेजाच्या कडेस ठेवले आणि नशिबासाठी एकच फासा राखला, तर चकमकीचा निकाल अर्ध्या मिनिटात लागेल.

आता ही भूमी कोणती असावी? उदाहरणादाखल नांदेड जिल्ह्यातील भोकर घ्यावे. भोकर हे तालुक्याचे गाव. मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते आहे. दक्षिणेस गोदावरीचे खोरे, उत्तरेस पैनगंगेचे, मध्ये डोंगरटेकड्या व रान. साठ किलोमीटर रुंद व नव्वद किलोमीटर लांब असा जो चौकोन मघाशी हिशेबात घेतला, त्यात ह्या दोन नद्यांमधील बराचसा मुलूख, पश्चिमेस नांदेड आणि पूर्वेस किनवटाच्या जवळपासपर्यंतचा प्रदेश येतो. मुदखेड ते भोकर हे अंतर मेजावर हातभर भरेल. चादरीखाली पुस्तके ठेवून डोंगर करावे, निळ्या कापडाच्या पट्ट्यांनी नद्या दाखवाव्या, आणि सुतळीचा लोहमार्ग करावा.

काळ घ्यावा २२६१ सालचा, पानिपतानंतर बरोबर पाचशे वर्षांचा. मंगळावरील वसाहतीची सेना पैनगंगेच्या काठी उतरली आहे. तिच्याकडे तीस मीटर उंचीची चालती यंत्रे आहेत. त्यांस गजयंत्रे म्हणावे आणि कुंभाराचा हत्ती त्यांच्या जागी ठेवावा. घोडा म्हणजे शीघ्रगामी टेहळणी, कवडी म्हणजे तोफखाना, चिंचोका म्हणजे पायदळ. जुने चतुरंग असे नव्या वेषात परत येते. मंगळसेनेचे बळ अधिक. परंतु तिचे हुकूम एक पाळी उशिरा पोचतात, आणि तिचे बैल उतरण्याच्या जागेपासून फार दूर जाऊ शकत नाहीत. पृथ्वीच्या सेनेची यंत्रे थोडी. परंतु तिचा सेनापती जवळ आहे आणि लोहमार्ग तिच्या हाती आहे. भोकरचे स्थानक ज्याच्याकडे राहील त्याच्या रसदेची वाट मोकळी राहील. म्हणजे सारे युद्ध त्या एका गावाभोवती फिरेल. बारा पाळ्यांत दिवस संपेल. एका पाळीस दहा मिनिटे धरली तर दोन तासांत खेळ पुरा होईल. पंचाचे काम घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने करावे. न दिसणारे सैन्य मनात ठेवणे, दोन्ही पक्षांच्या चिठ्ठ्या वाचूनही चेहऱ्यावर काही न दाखविणे, हे काम आजीआजोबांस चांगले साधते.

अशा खेळातून मिळावयाचे काय? येथे ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ कै. जयंत नारळीकर ह्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ह्या कथेची आठवण होते. तिच्यातील इतिहासाचा प्राध्यापक एका निराळ्या जगात जातो. तेथे विश्वासरावांस लागावयाची गोळी त्यांस चाटून जाते, मराठे पानिपत जिंकतात, आणि पुढचा सारा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. एक गोळी बोटभर सरकली तर काय झाले असते, हा प्रश्न कथेने एकदा विचारला. खेळाची सोय अशी की, तो तोच प्रश्न दर रविवारी नव्याने विचारू देतो. एकच मांडणी दोनदा खेळावी, दुसऱ्या वेळी एखादाच बैल एक वीत पुढे ठेवावा, आणि शेवट कसा पालटतो ते पाहावे. इतिहास वाचताना पराभूत सेनापतीस दोष देणे सोपे असते. कारण वाचकास सारे सैन्य दिसत असते. पंचाच्या मनात दडलेले सैन्य न दिसता ज्याने एकदा हुकूम लिहिला आहे, तो सदाशिवरावभाऊंविषयी बोलताना थोडे जपून बोलेल. एवढा विवेक आला तरी खेळाचे सार्थक झाले.

घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात ह्यावर एक शंका येईल, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मुलांच्या हाती युद्धाचा खेळ द्यावा काय? त्याने युद्धाची गोडी लागणार नाही काय? वेल्स ह्यांनी आपल्या पुस्तकाच्या अखेरीस हीच शंका विचारात घेतली होती. त्यांचे म्हणणे असे की, ज्याने हे छोटे युद्ध तीन-चार वेळा खेळले त्यास खरे मोठे युद्ध किती अनागोंदीचे व अविचाराचे असले पाहिजे हे आपोआप उमजते. त्यानंतर वर्षभरातच, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले. म्हणजे त्या पुस्तकाने कोणतेही युद्ध थांबविले नाही. खेळाकडून तेवढी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. तथापि शौर्याची चित्रे मांडणारा खेळ आणि रसदेचा हिशेब मागणारा खेळ ह्यांत अंतर आहे. पहिला सांगतो की युद्धात पराक्रम असतो. दुसरा सांगतो की युद्धात भूक असते, उशीर असतो, चुकलेला हुकूम असतो, आणि ज्या गावाचा कोणाशीही तंटा नव्हता त्या गावावरून दोन्ही सैन्ये जातात. मेजावरचे भोकर हे सुतळीवरील एक ठिपका असेल. परंतु तेथे राहणाऱ्या वाचकास त्या ठिपक्यात बाजार, शाळा व घरे दिसल्यावाचून राहणार नाहीत. खेळाचे नाव आपल्या गावाचे असावे असा जो आग्रह, त्याचे खरे कारण हेच आहे.

हे सारे करावयाचे कोणी? मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ साली झाली. तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली, आणि १९७४ साली त्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप ह्या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली ठरली. तो लेखक म्हणजे टोपणनाव घेतलेले नारळीकरच होते. स्पर्धेच्या निमित्ताने मराठीस एक मोठा विज्ञानकथाकार लाभला. कथेसाठी जे झाले ते खेळासाठी का होऊ नये? एखाद्या संस्थेने, एखाद्या शाळेने किंवा ग्रंथालयाने खेळांची स्पर्धा लावावी. अट एवढीच असावी की, खेळाची भूमी महाराष्ट्रातील एखादा खरा तालुका असावा, त्याचे नियम चार पानांत मावावेत, आणि त्याचे साहित्य त्याच गावच्या बाजारात मिळावे. गणिताच्या शिक्षकाने कोष्टक तपासावे, भूगोलाच्या शिक्षकाने नकाशा, आणि कुंभाराने हत्ती करून द्यावे.

पोळा संपल्यावर मातीचे बैल फडताळात जाऊन बसतात, आणि दिवाळी संपल्यावर किल्ल्यावरचे मावळे कागदात गुंडाळून माळ्यावर जातात. पुढच्या वर्षापर्यंत त्यांस काही काम नसते. ज्या दिवशी कोणी चार पाने नियम लिहील त्या दिवशी त्यांस काम मिळेल.